बाग सर्वांची, वाढलेला भाव कोणाचा?



गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या सभेत चर्चमागच्या बावखलाचा विषय निघाला. गाळ काढावा, कडेने चालायला वाट करावी, चार बाकडी टाकावीत, पाच-पंचवीस झाडे लावावीत, अशी सूचना होती. सर्वांच्या माना डोलल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारले, "फादर, बावखल चांगलं झालं की आमच्या खोलीचं भाडं वाढणार का?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. मावशी ज्या चाळीत राहतात तिचे मालकही सभेला होते. ते मात्र हसले नाहीत.

रात्री तो प्रश्न पुन्हा आठवला तेव्हा आम्हाला आमच्या हसण्याची लाज वाटली. कारण मावशींचा प्रश्न विनोदाचा नव्हता. सर्वांच्या भल्यासाठी केलेल्या कामाने शेजारच्या जमिनीचा भाव वाढतो. त्या वाढीचे सुख एकाच्या पदरात आणि दुःख दुसऱ्याच्या पदरात पडते. मग त्या चांगल्या कामाचे पुण्य-पाप कसे मोजायचे? हा प्रश्न आपल्या बावखलाएवढा लहान नाही. जगातल्या मोठमोठ्या शहरांना तो पडला आहे. म्हणून आज तो जरा दूर जाऊन पाहू आणि मग आपल्या दारी परत येऊ.

न्यूयॉर्कची एक बाग

आपल्या धर्मग्रामातील काहींची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेल्यांपैकी कोणी न्यूयॉर्कची 'हाय लाइन' ही बाग पाहिलीही असेल. मॅनहॅटनच्या पश्चिमेला रस्त्याच्या वर, उंच लोखंडी खांबांवर ही बाग आहे. मुळात तो मालगाड्यांचा मार्ग. पूर्वी या गाड्या दहाव्या अव्हेन्यूवर रस्त्यावरूनच धावत. इतकी माणसे त्यांखाली सापडत की लोक त्या रस्त्याला 'मृत्यूचा रस्ता' म्हणू लागले. गाडीपुढे घोडेस्वार लाल बावटा घेऊन चालत, तरी अपघात थांबेनात. अखेर रूळ उंचावर नेण्यात आले आणि १९३४ पासून मांस, दूध, भाजीपाला थेट गोदामांच्या वरच्या मजल्यांवर उतरू लागला. पुढे मालवाहतूक ट्रककडे गेली. १९८० मध्ये शेवटची गाडी गेली आणि मार्ग ओस पडला. वाऱ्याने आलेल्या बियांतून रुळांमध्ये गवत आणि रानफुले उगवली.

खालच्या जमिनींच्या मालकांना हा सांगाडा नको होता. तो पाडून टाकावा यासाठी त्यांनी जोर लावला होता. १९९९ मध्ये त्याच भागात राहणाऱ्या जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोन तरुणांनी तो वाचवण्यासाठी संस्था स्थापन केली. दोघांनाही बागेचा किंवा नगररचनेचा अनुभव नव्हता. त्यांच्या प्रयत्नांनी पाडकाम टळले. बागेचा पहिला भाग २००९ मध्ये, दुसरा २०११ मध्ये आणि तिसरा २०१४ मध्ये खुला झाला. लांबी सुमारे २.३ किलोमीटर. प्रवेशाला पैसे नाहीत. गरीब-श्रीमंत, देशी-परदेशी कोणीही जावे, बाकावर बसावे, नदीकडे पाहावे. कोरोनाच्या साथीपूर्वी वर्षाला सत्तर-ऐंशी लाख माणसे तिथे येत होती.

यात वाईट काय आहे? काहीच नाही. मोडीत निघालेल्या लोखंडावर फुले लावून ती सर्वांना मोकळी करून देणे हे सत्कृत्यच आहे.

आता गोष्टीचा दुसरा भाग. २००५ मध्ये न्यूयॉर्क शहराने या मार्गालगतच्या भागाचे बांधकामाचे नियम बदलले. मार्गाखालच्या जमीनमालकांना आपल्या जागेवरचा बांधकामाचा हक्क जवळपासच्या दुसऱ्या जागेसाठी विकता येऊ लागला. आपल्याकडे ज्याला टीडीआर म्हणतात, तसाच हा प्रकार. काल जे मालक मार्ग पाडा म्हणत होते त्यांचा विरोध त्यामुळे मावळला. गोदामे आणि गॅरेजांच्या जागी नामवंत वास्तुविशारदांच्या इमारती आल्या. झाहा हदीद, जाँ नुव्हेल, फ्रँक गेरी अशा मंडळींनी तिथे इमारती उभ्या केल्या. २०१५ मध्ये व्हिटनी हे मोठे कलासंग्रहालय बागेच्या दक्षिण टोकाला आले. २०१९ मध्ये उत्तर टोकाला हडसन यार्ड्स नावाचे उत्तुंग मनोऱ्यांचे नवे संकुल उघडले. बागेलगतच्या घरांच्या किमती मॅनहॅटनच्या इतर भागांपेक्षा वेगाने वाढल्या.

त्याच बागेच्या सावलीत फुल्टन आणि इलियट-चेल्सी या दोन सरकारी वसाहती आहेत. कष्टकरी आणि वृद्ध माणसे तिथे राहतात. अशा वसाहतींत भाडे साधारणपणे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांवर ठरते. त्यामुळे बागेने त्यांचे घर लगेच हिरावले नाही. पण शहरात दुकानांच्या भाड्यावर असे बंधन नाही. परवडणारी जुनी दुकाने उठतात आणि तिथे उंची कपड्यांची दालने येतात. माणूस आपल्याच घरात राहतो आणि गल्ली मात्र परकी होते. घर न सोडताही विस्थापित होता येते, हे आपण पुष्कळदा विसरतो.

२०१७ मध्ये हॅमंड यांनी स्वतःच एक कबुली दिली. या वस्तीच्या बाबतीत आपण अपयशी ठरलो, असे ते म्हणाले. बाग कशी दिसावी हे आम्ही लोकांना विचारले, पण तुमच्यासाठी काय करू, हे विचारायला हवे होते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आपल्या हातून घडलेल्या सर्वांत चांगल्या कामातली उणीव चारचौघांत कबूल करायला मोठे मन लागते. एवढे बोलून ते थांबलेही नाहीत. जुन्या पुलांवर, रुळांवर बागा करू पाहणाऱ्या इतर शहरांतील मंडळींना एकत्र आणून, ही चूक पुन्हा होऊ नये यासाठी त्या संस्थेने काम सुरू केले.

चांगल्या कामाचा वाईट परिणाम

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला 'दुहेरी परिणामाचे तत्त्व' शिकवले जाई. त्याचे मूळ संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणात सापडते. एकाच कृतीचे दोन परिणाम होतात, एक चांगला आणि एक वाईट. मग ती कृती करावी की नाही? डॉक्टर सडलेला पाय कापतात. जीव वाचतो, पण माणूस लंगडा होतो. आपण डॉक्टरांना दोष देत नाही. का देत नाही, याची चार कारणे सांगितली जातात. एक, कृती मुळात चांगली किंवा निदान निर्दोष असावी. दोन, वाईट परिणाम हा हेतू नसावा. तीन, वाईट परिणाम हे चांगल्या परिणामाचे साधन नसावे. चार, वाईट सोसण्याइतके चांगल्याचे वजन असावे.

ही चार मापे बागेला लावून पाहू. कृती चांगली आहे. कोणाला हुसकावण्याचा हेतू नव्हता. दोन मापांना बाग उतरली. तिसऱ्यापाशी मात्र जरा थांबावे लागते. बागेवर पैसा खर्च करावा हे शहराला पटवताना त्या संस्थेने २००२ मध्ये एक आर्थिक अभ्यास करून घेतला होता. बागेमुळे आसपासच्या मालमत्तांचे मोल वाढेल, त्यातून कर वाढेल आणि खर्चापेक्षा जास्त पैसा शहराच्या तिजोरीत येईल, असे त्याचे सांगणे होते. तेव्हा भाववाढ हा अचानक घडलेला प्रकार नव्हता. ती अपेक्षित होती. इतकेच नव्हे, तर बाग होण्याचे ती एक साधन होती.

इथे घाईने निवाडा करू नये. जमिनीचा भाव वाढणे हे स्वतः पाप नाही. त्या भाववाढीतून आलेल्या करावर शाळा आणि दवाखानेही चालतात. वाईट आहे ते माणसाचे उखडले जाणे. ते बागेचे साधन नव्हते, ते भाववाढीच्या मागून चालत आलेले दुःख होते. म्हणून तिसऱ्या मापावर आम्ही बागेला दोषी ठरवणार नाही. पण चौथे माप उरते. चांगल्याचे वजन अधिक आहे असे म्हणायचे तर दोन्ही पारड्यांत काय आहे ते आधी पाहावे लागते. होणारा नफा अभ्यास करून, आकडे मांडून मोजला गेला. होणारा तोटा त्याच काळजीने मोजला गेला नाही. "आम्हाला ठाऊक नव्हते" असे म्हणण्याचा अधिकार नफा आधीच मोजून ठेवलेल्या माणसाला उरत नाही. ज्याला एक परिणाम दिसतो त्याने मान वळवून दुसराही पाहिला पाहिजे. आमच्या मते खरा नैतिक दोष आहे तो इथे.

यावर कोणी म्हणेल, मग गरिबांच्या वस्तीजवळ बागच नको. थोडी अस्वच्छता राहू द्या म्हणजे भाडी स्वस्त राहतील. काही नगररचनाकारांनीही 'बेताचीच हिरवळ' करावी असा विचार मांडला आहे. लहान, साध्या सुधारणा कराव्यात, म्हणजे बिल्डरांची नजर पडणार नाही. त्यांची कळकळ आम्हाला समजते, पण हा विचार शेवटपर्यंत नेला तर मन धजत नाही. गरिबाचे घर टिकावे म्हणून त्याच्या दारातली दुर्गंधी टिकवायची? सावली, फुले, स्वच्छ पाणी ही श्रीमंतांची चैन नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात नेमकी हीच खंत मांडली आहे. शहराच्या सुरक्षित भागांत निगा राखलेली हिरवळ आढळते, पण जिथे समाजाने टाकून दिलेली माणसे राहतात तिथे ती आढळत नाही. तेव्हा उपाय बाग टाळण्यात नाही. उपाय वाढीव भावाचे काय करायचे, हे आधी ठरवण्यात आहे.

एका धर्मगुरूची शिक्षा

मग तो वाढलेला भाव न्यायाने कोणाचा? न्यूयॉर्कमध्ये हा वाद दीडशे वर्षांपूर्वीच पेटला होता, आणि त्यात आपल्याच चर्चचे एक धर्मगुरू होरपळले. हेन्री जॉर्ज या लेखकाने १८७९ मध्ये 'प्रगती आणि दारिद्र्य' या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एक माणूस गावात जमीन घेऊन स्वस्थ बसतो. गाव वाढते, रस्ते येतात, शाळा येते, बाग येते. त्याने काडीही हलवली नाही तरी त्याची जमीन दसपट मोलाची होते. हे मोल त्याच्या घामाचे नाही, सर्व गावाचे आहे. म्हणून गावाने ते करातून परत घ्यावे.

मॅनहॅटनमधील सेंट स्टीफन चर्चचे प्रमुख धर्मगुरू फादर एडवर्ड मॅकग्लिन यांना हे पटले. त्यांच्या धर्मग्रामात गरीब कामकरी भाविक फार होते. १८८६ मध्ये जॉर्ज महापौरपदासाठी उभे राहिले तेव्हा महागुरूंनी मना करूनही फादरांनी त्यांचा जाहीर प्रचार केला. जॉर्ज हरले. फादरांना पदावरून दूर करण्यात आले. रोमला बोलावले असता ते गेले नाहीत म्हणून १८८७ मध्ये त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. पाच वर्षांनी, १८९२ मध्ये, त्यांचे विचार तपासून पाहून ती शिक्षा उठवली गेली आणि ते पुन्हा धर्मगुरू म्हणून काम करू लागले.

मधल्या काळात, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांचे 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक आले. त्यात खासगी मालमत्तेच्या हक्काचे ठाम समर्थन आहे. ते बरोबरच आहे. आयुष्यभर काबाडकष्ट करून एखादी विधवा दोन खोल्या बांधते आणि त्यांच्या भाड्यावर जगते, तिला कोणी लुटारू म्हणू नये. पण मालकीचा हक्क आणि त्या मालकीचा वापर या दोन गोष्टी संत थॉमस वेगळ्या करतात. वस्तू आपली असू शकते, पण ती वापरताना दुसऱ्याची गरज पाहून ती वाटण्याची तयारी हवी. १९६७ मध्ये पोप पॉल सहावे यांनी हेच आणखी स्पष्ट केले, की खासगी मालकीचा हक्क बिनशर्त नाही. या दोन टोकांच्या मध्ये आमचे मत असे आहे : भिंत तुमची, विटा तुमच्या, घाम तुमचा, त्याचे मोल तुमचेच. पण सर्वांच्या पैशाने शेजारी बाग झाल्यामुळे जे मोल वाढले त्यात सर्वांचा वाटा आहे, आणि सर्वांत आधी त्याचा, ज्याचे घर त्या वाढीमुळे धोक्यात येते.

नाबोथाचा मळा

बायबलमध्ये एका बागेची गोष्ट आहे. राजे यांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात ती येते. अहाब राजाला राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. कशासाठी? भाजीची बाग करायला. त्याबद्दल त्याने दुसरा चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. बाजाराच्या हिशेबाने हा व्यवहार अगदी रास्त होता. अन्याय सुरू झाला तो नाबोथाने नकार दिल्यावर. वाडवडिलांचे वतन विकायचे नाही, असे तो म्हणाला. खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथ दगडांखाली मेला आणि राजा बाग ताब्यात घ्यायला गेला. एलीया संदेष्टा त्याला त्याच मळ्यात गाठतो.

न्यूयॉर्कच्या सर्वांत प्रसिद्ध बागेच्या, सेंट्रल पार्कच्या, पोटातही अशी एक वस्ती आहे. सेनेका व्हिलेज तिचे नाव. १८२५ पासून आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र माणसांनी तिथे जमिनी विकत घेतल्या, घरे बांधली. पुढे आयरिश स्थलांतरितही आले. १८५५ च्या सुमारास तिथे सव्वादोनशे माणसे, तीन चर्च आणि एक शाळा होती. त्या काळी काळ्या माणसाला मत द्यायचे तर २५० डॉलरची स्थावर मालमत्ता असावी लागे. म्हणजे त्यांच्यासाठी जमीन म्हणजे नागरिकत्वच. १८५७ मध्ये बागेसाठी ही वस्ती उठवण्यात आली. मालकांना मोबदला मिळाला, पण गाव पुन्हा कुठेच वसले नाही. आज त्या बागेसमोरची घरे जगातील अतिशय महागड्या घरांत मोडतात. रोज हजारो माणसे तिथे फिरतात आणि सुखावतात. ते सुख खोटे नाही. पण किंमत चुकती केली म्हणजे हिशेब मिटला असे होत नाही, हे नाबोथाने आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे.

आपल्या मुंबईलाही हा धडा मिळालेला आहे. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनींचा विकास करताना तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त गिरणीतल्या आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. बागांचे आणि घरांचे वाटे आकसले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला. मूळ नियमातला शहाणपणा मात्र विसरू नये. बाग आणि परवडणारी घरे यांचे वाटे एकाच कागदावर, एकाच वेळी ठरले होते. न्यूयॉर्कच्या गोष्टीतूनही हेच शिकायचे आहे. बाग झाल्यावर गरिबांसाठी जागा शोधू म्हटले तर ती सापडत नाही. तोवर ती महाग झालेली असते.

पुन्हा बावखलाकडे

आता आपल्या दारी येऊ. आपले बावखल म्हणजे काही हाय लाइन नव्हे. पण न्याय लहान जागीही तोच लागतो. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही मावशींच्या चाळीत गेलो आणि हॅमंड यांना उशिरा सुचलेला प्रश्न विचारला : तुमच्यासाठी काय करायला हवे? बाकड्यांचे नाव कोणीच काढले नाही. एक बाई म्हणाल्या, "फादर, त्या वाटेवर आधी दिवा लावा. मुली क्लासहून अंधारात येतात." आमच्या नकाशात झाडे होती, बाकडी होती, दिवा नव्हता.

मग चाळीच्या मालकांनाही भेटलो. तेही आपलेच भाविक आहेत. त्यांचे म्हणणे मांडणे न्यायाचे आहे. ते म्हणाले, "घरपट्टी वाढली, दुरुस्ती आली, तर मी कुठून भरू? सगळं धर्मकार्य माझ्याच खिशातून का?" हा प्रश्नही मावशींच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. बाग सर्वांची असेल तर तिचे ओझेही सर्वांचे असले पाहिजे. एकट्या मालकाकडून त्यागाची अपेक्षा करून बाकीच्यांनी फुकटात संध्याकाळची हवा खाणे, हेही बरे नाही.

तेव्हा कौन्सिलपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. पहिली, गाळाला हात घालण्यापूर्वी बावखलाभोवती भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद करावी, मग ते आपल्या धर्माचे असो वा नसो. दुसरी, या कामाचे कारण सांगून पाच वर्षे कोणीही भाडे वाढवणार नाही किंवा खोली रिकामी करायला लावणार नाही, असे मालकांनी आपसात लिहून द्यावे. त्या काळात दुरुस्तीचा मोठा खर्च आला तर तो धर्मग्रामाने वाटून घ्यावा. तिसरी, दिवा आधी, बाकडी नंतर.

आणि एक गोष्ट स्वतःबद्दल. बावखलाच्या पलीकडच्या दोन खोल्या चर्चच्या मालकीच्या आहेत आणि त्या भाड्याने दिलेल्या आहेत. सभेत आम्ही हसलो तेव्हा ही गोष्ट आमच्या ध्यानात नव्हती. मालकांना उपदेश करण्याआधी पहिली सही आमची असायला हवी. अर्थसमितीने संमती दिली तर ती आम्ही सर्वांसमोर करू.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये सभा आहे. मालकांनी यावे, भाडेकरूंनी यावे. आमचे म्हणणे चुकीचे वाटत असेल त्यांनी तर अवश्य यावे. मावशींना आम्ही या वेळी पुढच्या रांगेत बसायला सांगितले आहे.

आपला सेवक,
प्रमुख धर्मगुरू